दुसऱ्या पंख्याचा वारा

मामाजी, आज दुपारी एका जीपच्या जाळीवर मी कागद धरला आणि तो चिकटायच्या ऐवजी उडून माझ्या पायाशी पडला. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. समोर असता तरी बोलले असते की नाही कोण जाणे, कारण आपल्याला एकमेकांशी बोलायची सवयच फार उशिरा लागली. म्हणून वहीत लिहिते आहे. एरवी ह्या वहीत कोणत्या गाडीची कोणती वायर कुठे गेली एवढंच लिहिलेलं असतं. पोहरादेवीला माणसं नेणारी ती काळीपिवळी तुम्हाला आठवत असेल, जिचं इंजिन चढावर तापून गेलं आणि दोष तुमच्या डोळ्यांवर आला. मला तिच्याबद्दलच लिहायचंय. पण आधी आजची जीप सांगते, कारण तिच्यामुळेच ती काळीपिवळी परत दारात येऊन उभी राहिली.

जीप किन्हीराजाच्या एका माणसाची आहे. शेती करतो, आणि लग्नसराईत ही उघडी जीप सजवून नवरदेवाला बसवायला भाड्यानं देतो. जुनं डिझेल इंजिन काढून त्यानं तिच्यात भंगारातल्या कारचं पेट्रोल इंजिन बसवून घेतलं, कारण डिझेलचा धूर नवरदेवाच्या फोटोत येतो म्हणे. आता लोकांना असल्याही अडचणी असतात. त्या इंजिनचा मूळचा कॉम्प्युटर भंगारातच कुठेतरी गहाळ झालेला. मग त्यानं बाजारात सुटा मिळणारा, कोणत्याही इंजिनला लावून शिकवून घेता येणारा कॉम्प्युटर आणला आणि सगळं वायरिंग माझ्याकडे आलं. मी महिनाभर खपून ते केलं. गाडी एका आवाजात सुरू झाली, शिरपूरपर्यंत जाऊन आली, काही तक्रार नाही. मग मागच्या आठवड्यात मालेगावच्या एका वरातीत उकळली. वरातीची चाल तुम्हाला सांगायला नको. पुढे डीजे, मध्ये नाचणारे, मागे जीप, दोन पावलं पुढे की उभी, आणि हे भर उन्हात तीन तास. समोरून वारा लागायचा प्रश्नच नाही, सगळी भिस्त पंख्यांवर. बॉनेटमधून वाफ निघाली आणि नवरदेव बाशिंग सांभाळत पायी मंडपात गेला. दुसऱ्या दिवशी जीपवाला सकाळीच दारात. भला माणूस आहे, आवाज चढवला नाही, पण म्हणाला की येत्या रविवारी परत वरात आहे, तिच्यात तापली तर पूर्ण वायरिंग उपटून अकोल्याला नेतो. लोक त्याला म्हणत होते की बाईच्या हातचं काम घेतलंस, आता भोग. हेही त्यानं सांगितलं. सांगायची काही गरज नव्हती.

हा कॉम्प्युटर तुम्ही पाहिला नाही, म्हणून थोडक्यात सांगते. तुमच्या वेळी रेडिएटरच्या खालच्या अंगाला एक स्विच असायचा, पाणी तापलं की तो आपोआप जुळायचा आणि पंखा फिरायला लागायचा. कितीवर लागेल ते ठरवणं आपल्या हातात नव्हतं. आता पाण्यात सेन्सर बसतो आणि तो कॉम्प्युटरला सतत कळवत राहतो की किती अंश झाले. चौऱ्याण्णवला पहिला पंखा लाव, अठ्ठ्याऐंशीला बंद कर, असं मी लॅपटॉपवर लिहून देते. दोन्ही आकडे एकच ठेवले तर रिले टकटक करत बसतो, म्हणून मध्ये सहा अंशांची मोकळीक. दुसरा पंखा अठ्ठ्याण्णवला, म्हणजे दोघांचा झटका बॅटरीला एकदम बसत नाही. पंखा लागला की आयडलिंग थोडी वाढव, नाहीतर उभ्या गाडीत अल्टरनेटर कमी पडतो, हेही त्यालाच सांगता येतं. पण पंख्याचा जड करंट कॉम्प्युटरमधून जात नाही. तो फक्त रिलेच्या कॉइलची एक बारीक वायर अर्थला टेकवतो, आणि तेवढ्या इशाऱ्यावर रिले आपल्यातला मोठा स्विच जोडतो. जाड वायर बॅटरीपासून फ्यूजला, फ्यूजपासून रिलेला आणि तिथून पंख्याला. एवढं सगळं ऐकून तुम्ही म्हणाला असता की मग जुनंच हाय सारं, नुसता स्विच दाबणारा बदलला. आणि ते खरंच आहे.

हे रिलेचं मला लवकर समजलं, कारण घरात रिले होता. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्याला मामाजी म्हणायचं हे मला शिकवून पाठवलं होतं, पण म्हणायची वेळ यायला तीन वर्षं लागली. डोक्यावर पदर घ्यायचा, तुमच्यासमोर बसायचं नाही, तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही. दुकान रस्त्याकडच्या खोलीत, तिच्या मागे स्वयंपाकघर, मध्ये एक दार. तुमचा मुलगा पुण्याच्या कंपनीत, महिन्या-दोन महिन्यांनी घरी. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं आणि नव्या गाड्यांची वायरिंगची चित्रं सगळी इंग्रजीत यायला लागली होती. मी बारावी सायन्स. तुम्ही चित्र सासूबाईंच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, हे काय लिवलं हाय ते इचारा बरं घरात. सासूबाई दोन पावलं चालून तो कागद माझ्यासमोर परातीशेजारी ठेवायच्या. मी भाकरी थापता थापता वाचून सांगायचे आणि त्या परत दोन पावलं चालून तुम्हाला सांगायच्या. मधल्या मधे फ्यूजचं कधी फ्यूजी व्हायचं, कधी काय. मी आतून ओरडून दुरुस्त करायचे, तेही सासूबाईंना उद्देशून. एकदा त्या वैतागून म्हणाल्या की मी काय पोस्ट खातं आहे का, आणि दार सताड उघडं टाकून शेजारी निघून गेल्या. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा मला सरळ विचारलं, आणि मी सरळ सांगितलं.

तुमचं शिकवणं गोड नव्हतं. पहिल्यांदा हॉर्नचं वायरिंग करून दिलं तेव्हा मी वायरींना पीळ देऊन वरून टेप गुंडाळला होता. तुम्ही पक्कड घेतली आणि एकेक जोड कापत गेलात, सगळे, माझ्यासमोर. मग म्हणालात, "वायर हाय हे. वेणी नोय." मला इतका राग आला होता की त्या रात्रीच्या वरणात मीठ घातलं नाही. तुम्ही मीठ न मागता जेवलात. आठवड्यानं अकोल्याहून वायरीच्या टोकाला धातूचे लग दाबायची नवी पक्कड आणलीत आणि स्वयंपाकघराच्या फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी ठेवून दिलीत. सासूबाईंना म्हणालात की लागली कोणाले तर घ्या म्हणा. घरात ती लागणारी एकच बाई होती. नवऱ्यानं दिलेल्या कुठल्या वस्तूचा मला इतका आनंद झाला असेल असं आठवत नाही. हे त्यांना मी सांगितलेलंही आहे.

आता ती काळीपिवळी. त्या दिवशी तुम्ही गावात मयतीला गेला होतात. ड्रायव्हर गाडी लावून जेवायला गेला. पंख्याची मोटर जळाली होती आणि भंगारातून आणलेला दुसरा पंखा तुम्ही सकाळीच काढून ठेवला होता, निळ्या आणि काळ्या वायरचा. तुम्ही यायच्या आत करून ठेवावा म्हणून मी तो बसवला, वायरींना नवे लग दाबले, कनेक्टर लावला. तुम्ही आलात, आंघोळ केलीत, आणि विचारलंत की पंखा फिरला का. मी म्हटलं, फिरला. तुम्ही कनेक्टर एकदा उघडून पाहिला, परत बसवला आणि ड्रायव्हरच्या हाती चावी दिलीत. पंखा फिरतच होता, पण उलटा. उभ्या गाडीवर उलटा पंखाही थोडंफार थंड करतो, म्हणून दारात काही कळलं नाही. गाडी पळायला लागली की पुढून वारा आत येतो आणि पंखा आतून बाहेर ढकलतो. दोघांच्या भांडणात हवा मधल्या मधे उभी राहते. पोहरादेवीच्या अलीकडच्या चढावर हेड गॅस्केट गेलं. नारळ, पिशव्या, म्हातारी माणसं, सगळी उतरून उन्हात चालत गेली. संध्याकाळी गाडी ओढून आणली तेव्हा दारात पंधरा-वीस माणसं जमली होती आणि मी दाराआड उभी होते. तुम्ही बॉनेट उघडलंत आणि पंख्यासमोर उभे राहिलात. ड्रायव्हरनं विचारलं की कोणी जोडला होता पंखा. तुम्ही म्हणालात, "म्याच जोडला. चूक माही हाय. डोये नाई राह्यले आता, वायर उलटी लागली माह्या हातून."

त्यानंतर तुम्ही वायरला हात लावला नाही. इंजिन तुम्हीच उभं करून दिलंत, ते मिस्त्रीकडून करवून. पण वायरिंगला कोणी आलं की म्हणायचे, मले दिसत नाई, आत सांगा. लोकांना दुसरा इलाज नव्हता. शिरपूरला येणाऱ्या यात्रेच्या बसेस, ट्रॅक्टर, भाजीवाल्यांचे टेम्पो, सगळे हळूहळू माझ्याकडे यायला लागले. आधी नाखुशीनं, मग सवयीनं. तुम्ही दाराशी खाटेवर बसायचे आणि गाडी रस्त्यानं गेली की आवाजावरून सांगायचे की हिचा डायनॅमो जाणार हाय. काळीपिवळीच्या त्या प्रसंगानंतर आठवड्याभरानंच तुम्ही मला एक शिकवलंत. कॅलेंडरचं जुनं पान फाडलंत आणि एका चालू गाडीच्या रेडिएटरसमोर धरलंत. पान जाळीला चिकटून बसलं. तुम्ही म्हणालात, "पंखा फिरून राह्यला हे नको पाहू. हवा कोठी जाऊन राह्यली ते पाय." बास. काहून, ते सांगितलं नाहीत. मी विचारलंही नाही. दोन वर्षं तुम्ही त्या खाटेवर काढलीत. हातात काही काम नसलं की तुमची बोटं खाटेची सुतळी पिळत बसायची.

आणि मी स्वतःला काय सांगितलं, ते आता लिहायला हवं. मी स्वतःला सांगितलं की तुम्ही कनेक्टर उघडून परत बसवला होता, तेव्हाच उलटा लागला असणार. साठी ओलांडलेले डोळे, मयतीहून उन्हातून आलेला माणूस, होऊ शकतं. ह्या एका गोष्टीला मी तेरा वर्षं धरून बसले. रोज आठवत नव्हते, पण आठवण आली की तिथं जाऊन टेकायचे.

ह्या जीपवर मी दोन दिवस लॅपटॉप घेऊन बसले होते. तुमची नात, माझी लेक, आता अमरावतीला इंजिनीअरिंग शिकते, तिनं फोनवरून दाखवलं की कॉम्प्युटर सगळ्या नोंदी ठेवतो, पाणी किती तापलं, पंखा कधी लागला, व्होल्टेज किती होतं. नोंदीत दिसायचं की चौऱ्याण्णवला पहिला पंखा लागतो आणि तापमान बरंचसं थांबून राहतं. इंजिनवर ताण वाढला की हळूहळू अठ्ठ्याण्णवला पोचतं, दुसरा पंखा लागतो, आणि तिथून तापमान आणखी जोरात चढतं. मदतीला आलेला माणूस आल्यावर काम बिघडावं तसं. मला वाटलं व्होल्टेज पडतंय. आयडलिंग वाढवली. पंख्याची वायर आणखी जाड घातली. अर्थचे जोड घासून परत बसवले. रिले बदलला. आकडे खाली-वर करून पाहिले. लॅपटॉपवर दुसऱ्या पंख्याची चाचणी घेतली की पंखा सूं करून फिरायचा आणि पडद्यावर हिरवी खूण यायची. त्या हिरव्या खुणेवर माझा फार विश्वास बसला होता. कागद धरायला पाहिजे हे मला माहीत होतं, तेरा वर्षं मी प्रत्येक गाडीला धरत आले होते. पण कॉम्प्युटरच्या गाडीला कॅलेंडरचं पान धरायचं म्हणजे मला जरा गावंढळ वाटलं, हे खरं कारण आहे. कॉम्प्युटरला एवढंच माहीत असतं की त्यानं रिलेला सांगितलं. पुढे वारा कुठे गेला ते त्याला कोण सांगणार.

आज दुपारी जीपवाला येऊन बसला होता. उद्याचा शनिवार मध्ये आणि मग रविवार. मला दुसरं काही सुचेना, म्हणून पान फाडलं. पहिल्या पंख्यासमोर धरलं तर फट्‍दिशी चिकटलं. दुसऱ्यासमोर धरलं तर उडून पायाशी आलं. एक पंखा हवा आत ओढत होता आणि शेजारचा तीच गरम हवा बाहेर फेकत होता, म्हणजे तीच हवा गोल फिरत होती. मी कनेक्टर सोडवून वायर पाहिल्या. निळी आणि काळी. काळी मी अर्थला नेली होती, विचारसुद्धा न करता, कारण काळी म्हणजे अर्थ हे हाताला पाठ आहे. सगळ्या पंख्यांत तसं नसतं. ह्या पंख्यात काळी प्लसची होती. त्या काळीपिवळीच्या पंख्यालाही निळी आणि काळीच होती, आणि त्या वायरींना लग मीच दाबले होते. तो कनेक्टर एकाच बाजूनं बसतो, मामाजी. तुम्ही शंभर वेळा उघडून बसवला असता तरी उलटा बसला नसता. मी तिथंच जीपच्या बंपरला टेकून बसले. मला लाज वाटली. इतकी, की जीपवाल्यानं उठून माठातलं पाणी आणून दिलं.

दोन वायर अदलाबदल करायला चार मिनिटं लागली. मग जीप उन्हात उभी केली, हेडलाइट लावले, आणि तास-दीड तास तशीच चालू ठेवली. दुसरा पंखा एकदाच लागला आणि तापमान खाली घेऊन बंद झाला. त्यानंतर चौऱ्याण्णव-पंचाण्णवच्या पुढे काटा गेला नाही. जीपवाल्यानं विचारलं की कॉम्प्युटरमध्ये बिघाड होता का. हो म्हणणं सोपं होतं. त्याला काही कळलं नसतं आणि गावात माझं नाव राहिलं असतं. मी म्हटलं, "कॉम्प्युटर बरोबर आहे. पंख्याची वायर मी उलटी लावली होती. चूक माझी." तो म्हणाला, "बरं झालं ताई, सांगतलं तुमी. दुसरा असता तर मशीनवर ढकललं असतं." रविवारची वरात त्यानं माझ्यावर सोडली आहे. गावात तो काय सांगेल ते सांगो.

आत येऊन मी हात धुतले. सासूबाई आता फारशा उठत नाहीत, पण दारातलं बोलणं त्यांना सगळं ऐकू येतं. त्या म्हणाल्या, "होते वं असं. त्याईचंही नाई का झालं, शेवटी शेवटी डोये गेले होते त्याईचे." त्यांच्या मनात काही नव्हतं. त्या हे दर वर्षी चार वेळा म्हणतात, पाहुण्यांना, नातीला, कोणालाही. मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि कढी पुढे सरकवली. जीपवाल्यासमोर जे एका दमात आलं ते त्यांच्यासमोर आलं नाही. जीपवाला परका आहे. त्यांना सांगायचं म्हणजे तेरा वर्षांचं सांगावं लागेल, आणि तुम्ही त्या खाटेवर कशासाठी बसलात तेही. तुमचं नाव तीस वर्षांचं होतं, एका गाडीचा डाग त्याला सोसला असता. माझं तर अजून झालंच नव्हतं. पंखा सुनेनं जोडला असं तुम्ही त्या दिवशी म्हणाला असता तर पुन्हा कोणी मला बल्बसुद्धा बदलायला दिला नसता. हे मला आज कळलं असं लिहून वही मिटणार होते.

पण ते खरं नाही. काळीपिवळी गेली त्याच्या पुढच्या महिन्यात तुमच्या नातीच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. सात वर्षांची होती, रडून रडून बेजार. मी सुई घेऊन अर्धा तास कोरत होते, मला तो दिसेना. तुम्ही तिला ओट्यावर बसवलंत, पाय मांडीवर घेतलात, दिवस मावळायला आला होता, तुमच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. सुईच्या टोकानं एकदाच उचललात आणि काटा बोटावर घेऊन तिला दाखवलात. तो केसाएवढा होता. मी दारातच उभी होते, आणि मला तो तुमच्या बोटावरही दिसला नाही. तुम्ही वर पाहिलंत, मी पाहत होते हे तुम्हाला दिसलं. मी पदर पुढे ओढला आणि आत जाऊन चहा ठेवला.